फाईल दुसरीकडे उघडी आहे

सोमवार, ३ तारीख

छकुले, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. बसमध्ये बसवून देताना तू बजावलं होतंस की बाबा, फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, मी एक विचारते आणि तुम्ही भलतंच सांगता, तेव्हा रोज दोन ओळी लिहा आणि शनिवारी पानं टपालात टाका. येऊन आठवडा उलटला आणि ही पहिली ओळ. काय करू, आधी पेन सापडेना, मग चष्मा सापडेना, आणि दोन्ही सापडले तेव्हा डोळा लागला.

खोली छान आहे. कचेरीच्या डोक्यावरच, त्यामुळे कामाला जायचं म्हणजे जिना उतरायचा. खाट आहे, टेबल आहे, नळाला गरम पाणी येतं. दाराचं कुलूप तेवढं नाठाळ आहे. लावलं की नाही या धास्तीने मी अर्ध्या जिन्यातून परत वर जातो. पाय मोकळे होतात असं समजायचं.

दुकान या कंपनीने विकत घेतलं तेव्हा सगळ्यांना नारळ दिला आणि मला एकट्याला बोलावणं आलं, याचं तुलाही नवल वाटलं होतं. कारण आता कळलं. सुट्या भागांची बिलं करायचा आपला तो जुना प्रोग्राम, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा, तोच यांच्याकडेही आहे. जुने कॉम्प्युटर एकेक करून मरायला लागले आहेत आणि नव्यांवर तो प्रोग्राम काही केल्या उभा राहत नाही. तो नव्यावर चढवायचा आणि माझ्याकडून तपासून घ्यायचा, एवढं काम. सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला गाडीभाडं देऊन कोण बोलावतं गं? महिनाभरात आटपेल म्हणतात. मग थेट तुझ्याकडे, कायमचा. माझी खाट खिडकीशी लावू नकोस, वारं बाधतं.

मंगळवार, ४ तारीख

कचेरीतल्या माणसांची एव्हाना ओळख झाली आहे. सगळा कारभार एक बाई बघते. तिला सगळे बाईच म्हणतात. मला काका म्हणते, स्वतः चहा आणून देते, आणि साखर कमी आहे का हे पुन्हा पुन्हा विचारते. प्रोग्राम चढवणारा इंजिनिअर म्हणजे एक चष्मेवाला. बोलणं गोड, पण बोलताना नजर पडद्यावर. मला म्हणाला, काका, तुम्ही घाबरू नका, मशीन चावत नाही. मी म्हटलं, चावलं तरी मला दात मोजायला दिसणार नाहीत. हसला बिचारा.

हॉलच्या मागच्या बाजूला खिडकीशी एक मावशी बसलेली असते. बाई म्हणाली, पगाराची कामं वर्षानुवर्षं तिनेच केली, तिचा भाग नव्या मशीनवर चढून झाला. मग आता ती काय करते, असं मी विचारलं. बाई म्हणाली, बसते. मला हेवा वाटला. कंपनी चांगली दिसते, काम संपलं तरी माणसाला काढत नाही.

गुरुवार, ६ तारीख

घोडं कुठे पेंड खातं ते आज कळलं.

आपल्या प्रोग्रामचा एक नियम तुला ठाऊक नसेल. एक फाईल एका वेळी एकानेच उघडायची. दुकानात मी बिलाला बसलो की मालक आतून ओरडायचे, अरे बाहेर पड की, मला बघू दे. नव्या मशीनवर पहिल्याच मालाला प्रोग्राम अडतो आणि तेच वाक्य येतं: ही फाईल दुसरीकडे उघडी आहे, आधी तिकडे बंद करा. चष्मेवाल्याने जुनी मशीनं सगळी बंद केली, वायरी उपटल्या, तरी वाक्य हलेना.

मग त्याने मला शेजारी बसवलं आणि विचारलं की ग्रीसच्या डब्यांना पुढे काय दाबायचं. ते कुठे लिहिलेलं नाही, ज्याचं त्याने डोक्यात ठेवायचं. मी सांगितलं, त्याने टाइप केलं, वाक्य तसंच. तो म्हणाला, काका, हे तुम्ही लक्षात कसं ठेवलं? मला लाज वाटली. इंग्रजी कोड मला कुठले पाठ व्हायला! मी प्रत्येक कोड घरातल्या एखाद्या गोष्टीला बांधून ठेवला होता. ग्रीस तुझ्या आईच्या खोकल्याला बांधलेलं. ती कशी खोकायची, मी कसा उठून पाणी द्यायचो, ती भांडं परत देताना माझं बोट कशी दाबायची, म्हणून ते बटण. चष्मेवाल्याने शब्दन् शब्द उतरवून घेतला. वाक्य गेलं! फाईल उघडली! बाईने टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला.

सोमवार, १० तारीख

काम सपाट्याने चाललं आहे. वॉशर, पट्टे, नट सगळं गेलं. रोज तेच, तो विचारतो, मी गोष्ट सांगतो, तो टाइप करतो, वाक्य जातं. शनिवारी पाकिटावर तुझा पत्ता घालून ते बाईकडे दिलं, पण पानं सगळी एकदम टाकू म्हणते, म्हणून ती अजून माझ्याजवळच आहेत.

एक चमत्कारिक झालं. आज चष्मेवाल्याने सहज पुन्हा विचारलं की ग्रीसला काय दाबायचं, आणि मला येईना. वय झालं, दुसरं काय. पण वर येऊन गुरुवारचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे. त्यात एक बाई खोकते आणि कोणी तिला पाणी देतो. वाईट वाटलं, जसं शेजारच्या घरातलं ऐकून वाटतं.

पाकिटातला फोटो काढून पाहिला. तो तुझ्या आईचा आहे हे मला माहीत आहे. माहीत आहे, एवढंच.

बुधवार, १२ तारीख

आज जेवणाच्या सुट्टीत मावशीपाशी बसलो. हसरी आहे. मी विचारलं, घरी कोण कोण. ती म्हणाली, कोणाच्या घरी?

तेवढ्यात बाई आली आणि तिने मोठी गंमत सांगितल्यासारखं सांगितलं. गेल्या महिन्यात मावशीचा मुलगा तिला न्यायला आला होता. मावशी त्याला म्हणाली, बसा साहेब, बाई येतीलच. तो रडायला लागला तर ही त्यालाच पाणी द्यायला उठली. बाईला सांगतानाही हसू आवरत नव्हतं. म्हणाली, काका, काय तो घोडा माणूस, आई आई करत जमिनीवर बसला! मावशीही हसत होती, कारण बाई हसत होती.

मी बाईला विचारलं, मावशी पगाराचे हिशोब कशाला बांधून ठेवायची? बाई म्हणाली, कशाला म्हणजे, पोराला. त्याचं चालणं, त्याचे दात, त्याची शाळा. पण एक गोष्ट मानली पाहिजे, काका, तेव्हापासून पगारात एक चूक नाही.

मी जेवण टाकून वर आलो आणि पानं काढली.

शुक्रवार, १४ तारीख

मी सकाळी बसून ताडून पाहिलं. जे जे सांगितलं ते ते गेलं आहे. पट्ट्यांबरोबर माझी आई गेली. नटांबरोबर आपलं पहिलं घर. तू सायकल शिकलीस ते मी वॉशरसाठी सांगितलं असणार, कारण तू सायकल चालवतेस एवढंच मला ठाऊक आहे, शिकवली कोणी ते नाही.

फाईल दुसरीकडे उघडी आहे. दुसरीकडे म्हणजे माझ्यात.

एकच माल उरला आहे, बेअरिंग. तो तुला बांधलेला आहे, छकुले. तुझ्यातल्या कशाला ते मी इथेही लिहीत नाही. बाकीची तू गेली आहेस, ती एक गोष्ट आहे म्हणून तू अजून माझी मुलगी आहेस. ती मी सांगणार नाही. खाली जाऊन स्पष्ट सांगितलं की मला येत नाही, मला घरी जाऊ द्या.

बाई म्हणाली, जा की, काका, आम्ही काय बांधून ठेवलंय? एवढं बेअरिंग झालं की जा.

सोमवार, १७ तारीख

काल निघालो होतो. पिशवी घेऊन. कोपऱ्यापर्यंत गेलो. बसचा थांबा कुठे ते कळेना, आणि कोणत्या गावाची बस विचारायची तेही. तुझं गाव मी कुठल्या तरी मालाला बांधलं होतं वाटतं. पानवाल्याने विचारलं, आजोबा, कुठे जायचं? मी म्हटलं, मुलीकडे. तो म्हणाला, ते सगळ्यांनाच जायचं असतं, गाव सांगा. मग त्यानेच मला हाताला धरून कचेरीत आणून सोडलं. बाईने त्याचे आभार मानले.

कोणी रागावत नाही. चष्मेवाला म्हणाला, काका, तुम्ही विचार करा, घाई नाही. पडद्यावर वाक्य तसंच आहे. दिवसभर मी त्याच्यासमोर बसतो. दात घट्ट आवळून बसतो, दाढा दुखतात.

मंगळवार, १८ तारीख

बाईने तुला फोन केला.

तुझा नंबर तिच्याकडे होता, पानं पाठवायला मीच दिला होता, पत्त्याखाली. हात दाखवून अवलक्षण.

तिने तुला विचारलं की तुमचे बाबा बेअरिंगचा कोड कसा लक्षात ठेवायचे. आणि तू सांगितलंस, ती एक गोष्ट तुलाही कोडासकट माहीत. कौतुकाने सांगितलंस म्हणे. बाबांची मदत होते आहे म्हणून. पहिल्यापासून शेवटपर्यंत. इकडे फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि चष्मेवाला टाइप करत होता. मी शेजारी होतो, मला नुसती कुरकुर ऐकू आली. तुझा आवाज आहे हेही कळलं नाही. कळलं असतं तर ओरडलो असतो.

बाई नंतर म्हणाली, गोष्ट संपवली तुमच्या लेकीने. मग विचारते, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं, तुझ्या बाबांच्या कचेरीतून. तर म्हणते, माझे बाबा? राँग नंबर. आणि ठेवला. बाईला वाटलं लाइन गेली, म्हणून पुन्हा लावला. पुन्हा राँग नंबर.

पडद्यावर वाक्य अजून आहे. तू बंद झालीस. मी उघडा आहे.

बुधवार, १९ तारीख

रात्रभर —

तुझ्याजवळ बाबाच नाही आता, एकाच गोष्टीत सगळा गेला. पाकिटात माझा फोटो असेल, आणि तू बघत असशील, हा कोण म्हातारा.

बाईला विनवलं, पुन्हा लाव, मी बोलतो. लावला. मी ओरडून ओरडून बोललो. तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. बाईने सांगितलं: आजोबा, तुमच्या घरच्यांना फोन द्या.

आवाज प्रेमळ होता म्हणाली. तू प्रेमळच —

गुरुवार, २०

एकच उपाय आहे. ती गोष्ट लिहून तुला पाठवायची. दुसरं काही उरलेलं नाही माझ्याजवळ तुला ओळख पटवायला. मी पानं वाचून परका राहिलो, पण तू तरुण आहेस, तुझं डोकं — कदाचित —

बाई म्हणाली, लिहा, आजच्या टपालात घालते. इथे बसूनच लिहा म्हणाली. चष्मेवाला पाठीशी उभा आहे. मी लिहितो तसं तो मशीनवर उतरवून घेतो आहे. मला कळतं. घेऊ दे.

छकुले, तू लहान होतीस, शाळेला सुट्टी होती, मी तुला दुकानात आणलं होतं. गोदामात तू एका रिकाम्या खोक्यात जाऊन लपलीस. मी हाका मारल्या. रस्त्यावर धावलो. विहीर नव्हती तिथे, तरी मी लोकांना विहीर कुठे विचारत होतो. मालक म्हणाले, अरे, वेडा झालास का. दुपार गेली. मग कुठून तरी शिंक आली. मी बेअरिंगचं खोकं उघडलं, तू आत, नाकाला भुसा, आणि मला म्हणालीस, बाबा, तुम्ही किती वेळ लावलात. मी तुला मारायला हात उचलला आणि —

आणि मुलगी म्हणाली —

खोक्यावर नंबर होता. तो नंबर म्हणजे —

मुलीला उचललं. कोणीतरी उचललं. ती हसत होती, असं

टाळ्या वाजल्या. इथे सगळे खुशीत आहेत. पडदा मोकळा आहे.

ताई, हे कागद आपल्याला पाठवायचे आहेत असं इथल्या बाई म्हणतात. पाकिटावर पत्ता आहे, तो आपलाच असेल. वरचं मी वाचलं. मुलगी सापडली हे बरं झालं. तिचे वडील कोण ते आपल्याला माहीत असेल तर कृपा करून लवकर कळवा, फार लवकर, कारण तो माणूस तिला अजून शोधत असेल आणि इथे कोणालाच त्याचं