आधी डबा, मग मशीन

अब्बा, तुमची केकची मशीन मी परवा उघडली. परदेशात तुम्ही ज्यांच्याकडे स्वयंपाकी होतात, त्या बाईंनी जुनी झाली म्हणून दिलेली. खाली स्टीलचं भांडं आणि वर पुढे झुकलेलं जड डोकं. कपाटाच्या तळाशी बत्तीस वर्षं पडून होती. वादळात घराचे पत्रे उडाले, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, पण ही जागची हलली नाही. गेल्या आठवड्यात अम्मी म्हणाली, "दे ती भंगारवाल्याला, मला बघवत न्हाय." मी म्हटलं, देत नाही, दुरुस्त करते. इतक्या जोरात म्हटलं की ती बघतच राहिली. मला दुरुस्तीतलं काय कळतंय? पण भंगारवाला ती फोडून तांबं काढून नेणार आणि आत काय जळलंय ते मला कधीच कळणार नाही, याची भीती वाटली. उघडली तर कळेल, याची त्याहून जास्त.

तिला घरात आणलीत तेव्हाच तुम्ही आम्हाला भीती घातली होती. आपल्या घरच्या विजेच्या निम्मीच वीज तिला सोसायची, म्हणून भिंत आणि मशीन यांच्या मध्ये वीज निम्मी करणारा एक लोखंडी डबा लागायचा. 'आधी डबा, मग मशीन' असं तुम्ही ओट्यावरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंत. पायात रबरी चपला हव्यात, हात कोरडे हवेत. तिकडे तुमच्या डोळ्यांदेखत एक माणूस विजेला चिकटला होता, ते तुम्ही नेमकं जेवताना सांगायचात आणि मी घास ताटात परत ठेवायची. अम्मी तर बटण दाबण्याआधी बिस्मिल्ला म्हणून डबा दोनदा चाचपून बघायची.

आणि तरी मी ते केलं. अकरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत जाणार होतात. दुपारची वेळ, तुम्ही बाजारात, अम्मी शेजारी. मला तुमच्यासाठी माझ्या हातचा केक करायचा होता. डबा माळ्यावर होता, स्टुलावर चढूनही मला उचलेना. तुमच्या टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर समोरच होता, नुसता पिनेचा आकार बदलणारा, वीज कमी न करणारा. तो भिंतीत घातला, त्यात मशीनची पिन घातली आणि बटण दाबलं. मशीन किंचाळली. मागच्या जाळीतून निळा उजेड दिसला आणि मग तो वास. मी पिन उपटली, फेटलेली अंडी माडाच्या आळ्यात ओतली, भांडं घासलं, मशीनवर होतं तसं फडकं टाकलं. संध्याकाळी अम्मी म्हणाली, तुझं अंग गरम लागतंय.

सकाळी तिनं माळ्यावरून डबा काढला, नीट लावला, बटण दाबलं. काही नाही. तुम्ही येऊन जाळीला नाक लावलंत. "जळलीय ही. डबा न लावता चालवलीस तू." ती म्हणाली, "लावला व्हता, अल्लाची कसम." "मग काय जिन्नानं जाळली?" असं तुम्ही म्हणालात. निरोप द्यायला आलेले सगळे हसले. अब्बा, ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी दाराआड होते. बोलायचं ठरवतच राहिले. तुम्ही न जेवता निघालात. सगळ्यांना सलाम केलात, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मोठेपणी मावशी मला समजवायची की तो राग नव्हता, काळजी होती. मला नाही पटत. तुम्ही रागावलाच होतात, आणि चुकीच्या माणसावर.

तीन महिन्यांनी तुमची खबर आली. झोपेतच गेलात, तिकडेच दफन झालं. त्याआधी तुमचं एकच पत्र आलं होतं, माझ्या नावानं. शेवटची ओळ अशी होती: तुझ्या आईला सांग, डबा तरी नीट ठेव म्हणावं. अम्मीला वाचता येत नाही. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं. डबा अजून आहे, तिच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला.

तर परवा मी मशीन उघडली. वायर भिंतीपासून पाच हात लांब, तरी पायात रबरी चपला घातल्या, पाटावर बसले.  खरं सांगते, दुरुस्तीचं निमित्त होतं. मला आतल्या चाकांचे दाते झिजून तुटलेले हवे होते. म्हणजे म्हातारी होऊन आपोआप बंद पडली, मी काही केलं नाही, असं झालं असतं. ग्रीस जुन्या गुळासारखं घट्ट झालेलं. ते खरवडून काढलं तर दाते एकूण एक शाबूत. मग मोटर बाहेर काढली. तिची तार कोळशासारखी काळी होती, आणि वास, अब्बा, तोच वास. अम्मी ओटीवर तांदूळ निवडत होती. तिला वास जाईल म्हणून मी उठून दार लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

नुसती मोटर घेऊन बाजारात वाडीच्या पंपांच्या जळलेल्या मोटरींना नवी तार बांधून देणाऱ्याकडे गेले. त्यानं ती उलटीपालटी केली. "ताई, थेट घरच्या लायनीवर चालंल अशी बांधून देऊ? मग त्या डब्याची झंझटच न्हाय." मी लगेच हो म्हटलं. जणू डबा गेला की ती दुपारही जाईल. काल मोटर मीच बसवली, मोबाइलवर काढलेले फोटो बघत बघत. एक स्क्रू उरला, तेव्हा सगळं परत खोललं.

आज सकाळी ती ओट्यावर ठेवली आणि नवी बसवलेली इथली पिन थेट भिंतीत घातली. बटणाकडे हात नेला आणि पाचावर धारण बसली. तोच ओटा, तीच भिंत, डबा नाही. इतक्यात अम्मी मागून आली. "डबा कुठं हाय? आधी डबा लाव!" असं ओरडून तिनं माझं मनगट धरलं.  मी म्हटलं, "आतलं बदललंय अम्मी, आता डबा नाही लागत." ती सोडेना. तिचा हात तसाच असताना मी बटण दाबलं. मशीन घरघरत चालू लागली, पूर्वीसारखीच.

अम्मीनं मनगट सोडलं, रिकाम्या भांड्यात डोकावून बघितलं. मग म्हणाली, "मी लावला व्हता डबा, असंच मला वाटायचं. पन सगले इतके बोलले, आता मलाच वाटतं, न्हाय लावला असंल कधीतरी. तुज्या अब्बानी माफ केलं असंल काय गं मला?"

मी म्हटलं, "अंडी फोडू का?"

डबा मी लावला नव्हता, अब्बा. अम्मीनं नेहमी लावला. हे तुम्हाला लिहिते आहे कारण तुम्ही काही बोलणार नाही. तुमची कबर मी पाहिलेली नाही, पत्र पाठवायचं तरी कुठे? आणि हे ऐकायला हवं ते माणूस तर आत ओट्यापाशी उभं आहे, केक फुगतोय का बघत. तिला अजूनही वाचता येत नाही. तुमचं ते पत्र मी तिला न अडखळता वाचून दाखवलं होतं. हे तिला वाचून दाखवताना माझा आवाज फुटेल का, याचीच मला भीती वाटते.