मुंजाजीबाबांची चांदी

चिंचवाडी, तालुका पाटोदा
कार्तिक वद्य पंचमी, फसली १३२८

तीर्थस्वरूप गहिनीनाथ दाजींचे सेवेशी, तुमचा मेहुणा आसाराम याचा पायांवर माथा. इकडे सर्व बरे आहे. पाऊस गेला, विहीर आटली, ज्वारी रोज महागते आणि दुकानदार रोकड चांदीशिवाय माप उचलत नाही, एवढे सोडून बरे. छबूताई आणि नवे बाळ कशी आहेत? तुमचा गुडघा? (दुखत असल्यास एरंडाचे पान बांधावे, असा आत्याचा हुकूम आहे.)

विशेष म्हणजे आमच्या गावात चमत्कार झाला आणि तो माझ्या हातून झाला. चंद्रभागाआत्याचा स्वभाव तुम्ही जाणताच. सरकारने कागदी नोटा काढल्यापासून तिने निजामाचे चांदीचे हाली रुपये दडवायला घेतले, दुष्काळ पडला तर घर जगावे म्हणून. कुठे दडवते ते आम्हा कोणालाच माहीत नव्हते. आता कळले. गोवऱ्या थापताना ती ओल्या शेणात रुपया दाबायची आणि त्या गोवऱ्या परसातल्या ढिगात, हुडव्याच्या मागल्या अंगाला, रचायची. दरोडेखोर कणगी फोडेल, चूल उकरेल, पण शेणात हात घालणार नाही, हा तिचा हिशेब. दाजी, एवढी अक्कल तहसीलच्या खजिन्यालाही नसेल.

आत्या घाटनांदूरला गेली असता आमचा म्हातारा गुराखी मुंजाजी वारला. सरणाला घरटी गोवऱ्या द्यायची आपली रीत. मला वाटले, गरिबाचे सरण आहे, देऊ चांगल्या. पुढल्या जरा ओलसर होत्या म्हणून मागल्या कडकडीत वाळलेल्या होत्या त्या सगळ्या टोपलीभर दिल्या. (लोकांनी माझी वाखाणणी केली आणि मीही ती घेतली.)

तिसऱ्या दिवशी आत्या परतली, हुडव्यामागे गेली आणि तिथेच मटकन बसली. सगळे ऐकून मी स्मशानाकडे धावलो. तिथे राख सावडताना काळवंडलेले रुपये निघत होते आणि मोठमोठे बाप्ये पालथे पडले होते. ज्याने जन्मात रुपया पाहिला नाही त्याच्या राखेत चांदी! गावातल्या बिभीषणाने तेवढी शंका काढली, "देवानं इंग्रजाचे कलदार कावून न्हाई दिले? त्याला भाव जास्त हाय." पाटलांनी त्याला गप्प केले. निजामाच्या मुलखात देवही हालीच देणार, हे सर्वांना पटले. खरे सांगतो, रुपये कोणाचे ते ठाऊक असूनही माझे हात आपोआप जोडले गेले.

मिरवणूक मुंजाजीच्या दारी आली. आत्या तिथे आधीच पोचली होती. घरात दाणा नाही म्हणून त्याची बायको केसरबाई सकाळपासून लेकरांना पाणी पाजून निजवत होती, ते आत्याने पाहिले होते. पाटील म्हणाले, या पैशात बाबांचा चौथरा बांधू. मला वाटले, आता आत्या आपले रुपये मागते. ती पुढे झाली आणि म्हणाली, "देवानं त्याच्या राखंत दिलं, ते त्याच्या बायकूचं. दगडाला कावून?" मग तिने रुपये केसरबाईच्या पदरात ओतले आणि त्या पदराला नमस्कार केला.

वाटेत मी म्हटले, आत्या, दुष्काळासाठी ठेवले होते ना आपण? ती म्हणाली, "मग? तिच्या घरात आलाय की दुष्काळ. आपल्यात यायचाय आजून." थोडे चालून पुढे म्हणाली, "आन् गावाला कळलं असतं तर उद्या आपला हुडवा राहिला असता का बे?" दाजी, या बाईपुढे मला माझेच खुजेपण दिसते. आज घरात ज्वारी थोडी आणि रुपया एकही नाही, तरी रात्री झोप लागते.

तुमचा,
आसाराम

ता. क. दसऱ्याला ताईच्या शेकशेगडीसाठी तुमच्याकडे पाटोद्याला गाडीभर गोवऱ्या धाडल्या, त्याही मागल्या अंगाच्याच होत्या, हे आत्याला आज आठवले. उरलेल्या जाळू नयेत. दार लावून हाताने फोडाव्यात.

पुन्हा ता. क. शेगडीतून रुपये आधीच निघाले असतील आणि पाटोद्याने बाळाला अवतार ठरवले असेल, तर आत्या म्हणते, बाळ अवतारच राहू द्यावे. रुपये मात्र धाडावेत.