टाकीच्या तोंडाशी

बाबा,

हे पत्र धाकटी तुम्हाला वाचून दाखवणार आणि तिलाही सगळं कळणार. म्हणून ते पाठवणार नाही.

आज रिफायनरीत मंत्री आले होते. तेलाचे दिवस संपले, आता स्वच्छ ऊर्जा, असं लाउडस्पीकरवर तासभर ऐकलं. कॉलेजात मीही हेच बोलायचे आणि तुम्ही हसायचात, "आधी आमची टाकी तरी स्वच्छ होऊ दे!"

दुपारी त्यांना तीन नंबरची टाकी साफ झालेली दाखवायची होती. सकाळी साहेब म्हणाले, "मॅडम, टाकीत उतरायच्या परमिटवर गॅसचं कालचंच रीडिंग टाका आणि सही करा. एका रात्रीत काय होतंय?" तेलाच्या गाळातून विषारी वायू रात्रभर सुटत राहतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण मला कायम करायला महिनाच उरलाय. मी सही केली.

तुमच्याबरोबर टाक्या धुणारे काका उतरायच्या आधी परमिट हातात घेऊन उभे राहिले.

"काका, वाचून दाखवू?"

"कशाला? खाली तुझी सही आहे ना? आम्ही जन्मभर अंगठेच उठवले, पोरी." आणि ते उतरले.

भाषण संपेपर्यंत मी टाकीच्या तोंडाशी बसून त्यांना हाका मारत होते.

"जिवंत आहे गं बाई, आता गाणं म्हणून दाखवू का?" ते आतून ओरडले.

ते हसत बाहेर आले.

उद्या चार नंबरची टाकी आहे. आधी मीटर आत सोडेन, मगच सही. त्यावरून घरी यावं लागलं, तर दार उघडा आणि काही विचारू नका.

तुमची,
थोरली