हाताला कळलं नसतं का

प्रिय ताई,

माफी मी मागणार नाही, हे आधीच सांगतो. दर फोनला तुझं तेच. बारक्या, एकदा माफी माग, तुझं काय झिजणार आहे? टॅक्सीवाल्यासमोर, त्याच्या बायकोसमोर बाबांनी माझ्या कानाखाली वाजवली, आणि तू चहाचे ग्लास घेऊन गॅरेजच्या दारात उभी होतीस. फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस आणि बाबा पलीकडून खाकरतात, म्हणून लिहितोय. हे त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, लावून लावून वाच.

परवा इथल्या गॅरेजात एक गाडी आली. ऑइल बदलायचं होतं, पण जुनं ऑइल सोडायचा चेंबरचा बोल्ट कुणीतरी असा पिळलेला की डोक्याचे कोपरे पार गुळगुळीत. पाना नुसता घसरायचा. मालक म्हणाला, तू फार शहाणा ना, तूच काढ. खाली झोपलो. पान्याची जरा लहान गोटी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने ठोकून बसवली, दांडा लावला, बोल्ट फिरला. फिरला म्हणजे फिरतच राहिला, खाली येईना. आतले आटे गेलेले. शेवटी डोक्यामागे स्क्रू ड्रायव्हर घालून एका हाताने खाली रेटत, दुसऱ्याने फिरवत राहिलो, तेव्हा कुठे सुटला. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. असा बोंबललो की शेजारचा रंगारी पळत आला. बोल्टाला आट्यांची तार गुंडाळून आली होती, केस निघावेत तशी.

मग नवे आटे पाडले, मोठा बोल्ट घातला. आवळताना बाबाच डोक्यात बोलत होते. घट्ट लागलं की थांबायचं, बारक्या. पुढे गेलास आणि मऊ लागलं, तर आटे मेले. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. मी थांबलो, आणि तसाच गाडीखाली पडून राहिलो. मालक ओरडत होता, झोपलास का रे?

टॅक्सीचा तो बोल्ट बाबांनीच पिळला होता. मी शेजारीच फिल्टर लावत होतो. बोल्ट रस्त्यात गळून पडला, ऑइल गेलं, इंजिन जाम झालं. मी म्हटलं, तुम्ही जास्त पिळलात. तर म्हणाले, माझ्या हाताला कळलं नसतं का? मला वाटलं, खोटं बोलतायत, पोरावर ढकलतायत. तोच राग घेऊन इतक्या लांब आलो. पण ताई, ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हाताला खरंच कळलं नाही.

आठवून बघ. बाबा गरम ऑइलखाली हात धरायचे, गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं, आणि आपण दोघं मिरवायचो. चहाचा ग्लास तू पदराने धरतेस, ते नुसत्या बोटांनी. गेल्या फोनला तू हसत सांगितलंस, बाबा बाजारातून एकच चप्पल घालून आले, दुसरी कुठे गळली पत्ताच नाही. आणि पायाच्या अंगठ्याची जखम अजून ओलीच आहे, पण दुखत नाही म्हणतात. अगं, दुखत नाही हेच वाईट. रंगाऱ्याच्या बापाचं असंच होतं. साखर अंगात मुरलेली, हातपाय बधिर. दुखत नाही म्हणून बसून राहिला. गुडघ्यापासून पाय काढला त्याचा.

म्हणून हे पत्र. उद्याच्या उद्या त्यांना डॉक्टरकडे ने. हाताचं नाव काढू नकोस, नाहीतर टॅक्सीचं त्यांना तिथल्या तिथे उमगेल आणि घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. हाताचं डॉक्टरच सांगू दे. तू एवढंच सांग, बारक्याचं पत्र आलंय, बोल्ट त्यानेच पिळला होता, माफी मागतोय. चार शिव्या देतील, मग खूश होतील. तेवढ्यात गाडीत बसव, म्हण, अंगठा दाखवून येऊ. आजवर माझे पैसे त्यांनी परत धाडले, आता घेतील. जवळचं होतं नव्हतं ते सगळं, चौदा हजार पाठवतोय.

तुझाच,
बारक्या