बारा उत्तम अहवाल रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. मृदा अधिकारी साहेब,
माती परीक्षण कार्यालय
(टेबल क्रमांक तीनमार्फत न देता थेट)

विषय: ओढ्याकाठच्या आमच्या शेताचे सलग बारा वर्षांचे ‘उत्तम’ शेऱ्याचे अहवाल खोट्या नमुन्यांवर आधारलेले असल्याने रद्द होऊन मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपले पत्र, ‘नमुना परत करण्यात येत आहे’, दि. २ फेब्रुवारी.
२) ओढ्यातील सांडपाण्याच्या तक्रारीची नोटीस, फेरसुनावणी दि. १८ मार्च.

महोदय,

लोक आपल्याकडे चांगला अहवाल मागायला येतात. मी मिळालेला चांगला अहवाल परत करायला आले आहे, तेव्हा हा अर्ज वाचताना आपल्याला माझ्या डोक्याची शंका येईल. टेबल क्रमांक तीनवरच्या लिपिकसाहेबांना ती आलेलीच आहे. तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

१. माझे दिवंगत यजमान भाजीपाल्याची शेती करत. शेत ओढ्याला लागून, कापड रंगवण्याच्या कारखान्यांच्या खालच्या अंगाला आहे. नमुना घेण्याची आपली रीत त्यांना तोंडपाठ होती. शेतात नागमोडी चालत आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे. झाडाखालची, बांधाजवळची, खताच्या खड्ड्याजवळची जागा टाळायची. सगळी माती फडक्यावर कालवून चार वाटे करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत. पहिल्या वर्षी नमुना देण्याच्या शेवटच्या दिवशी शेतात पाणी साचलेले होते आणि ओली माती आपल्याकडे घेत नाहीत. म्हणून यजमानांनी घरामागच्या कोपऱ्यातली, खताच्या खड्ड्याशेजारची कोरडी माती उचलली. तो कोपरा दोन खाटांएवढा आहे. तिथे मी घरापुरती पालेभाजी लावते आणि तिला विहिरीचे पाणी घालते. “या वर्षी वेळ मारून नेऊ, पुढच्या वर्षी खरी देऊ,” असे ते मला म्हणाले होते.

२. अहवाल आला तो ‘उत्तम’. आपल्या आधीच्या साहेबांनी त्याची नक्कल चौकटीत घालून कार्यालयाच्या भिंतीवर लावली आणि चार लोकांत यजमानांच्या पाठीवर थाप मारली. साहेब, माझ्या यजमानांना तोवर कोणी शाबासकी दिलेली नव्हती. शाळेत नाही, वडिलांनी तर नाहीच. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा सांगितले की साहेबांचा हात भारी होता. पुढच्या वर्षी शेत कोरडे होते. ते फावडे घेऊन गेले, शेताच्या मधोमध बराच वेळ उभे राहिले आणि परत येऊन कोपऱ्यातलीच माती भरली. मी विचारले, तर म्हणाले, “पाहुण्यापुढे कुणी फाटकं नेसून जातं का? झाकली मूठ सव्वा लाखाची.” मग मीही मूठ झाकली. नमुन्याच्या पिशव्या मी शिवल्या आहेत. शाई ओल धरते म्हणून आत घालायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहायची, ती मीच लिहीत होते; त्यात शेताचा गट क्रमांक माझ्या अक्षरात आहे. तेव्हा हा अपराध त्यांचा एकट्याचा नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे.

३. शेताची खरी हकिकत आता सांगते. वरून येणारे पाणी सोमवारी जांभळे असते आणि गुरुवारी हिरवे. वार विसरला तर आम्ही ओढा बघतो. पाणी दिल्यावर दोन दिवसांनी वाफ्यांवर पांढरा थर धरतो, तो बोटाने खरवडता येतो. तिसऱ्या वर्षी गांडुळे गेली. पाचव्या वर्षी ढेकूळ हातात फुटेनासे झाले, आता खणले की थाळीसारखे तुकडे निघतात आणि पाणी वरच उभे राहते. रोपांची पाने कडेने पिवळी पडतात आणि मग करपतात. अहवालावर खताचे प्रमाण छापून येई, ते कोपऱ्यातल्या मातीचे. आम्ही ते घालत होतो शेताला. एकाची नाडी बघून दुसऱ्याला औषध, अशातली गत. पीक घटले की यजमान एक पोते जास्त टाकत. लग्न होऊन आले तेव्हा या शेतातली मूठभर माती नाकाशी धरली तर वास येई. आता गंजलेल्या बादलीचा येतो.

४. इथवर नुकसान आमचे होते आणि आम्ही गप्प राहिलो असतो. पण बांधापलीकडे माझ्या धाकट्या दिरांचे शेत आहे. त्यांनी आणि आणखी अकरा जणांनी कारखान्यांच्या पाण्याविरुद्ध तक्रार केली. सुनावणीत कारखान्यांच्या वकिलांनी आमचे बारा अहवाल टेबलावर ठेवले. ओढ्याला सर्वांत जवळचे शेत जर बारा वर्षे उत्तम आहे, तर पाण्यात दोष कसा, असे त्यांनी विचारले. निकालपत्रात लिहून आले की नुकसान पाण्यामुळे नसून ‘तक्रारदारांच्या मशागतीतील हलगर्जीपणामुळे’ झाले आहे.

माझी जाऊ हलगर्जी नाही. तिच्या वाफ्यात गवताची काडी सापडायची नाही. पण तिने तो कागद खरा मानला. ती मला म्हणाली, “ताई, पीक तुमचंही गेलं, पण तुमच्या मातीला तरी दोष नाही. सरकारी मशीन खोटं कसं बोलेल? माझ्याच हाताला यश नसेल.” तेव्हापासून ती पहाटे उठून शेत दुसऱ्यांदा खणते. तिच्या दोन्ही तळहातांना घट्टे पडले आहेत आणि ते फुटून चिरा गेल्या आहेत. मी त्यांना तेल लावून देते. तेल लावताना ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्या हातांकडे बघते.

निकालाच्या दिवशी यजमान जेवले नाहीत. “उद्या कार्यालयात जाऊन सांगून टाकतो,” म्हणाले. तो उद्या चार महिने उगवला नाही, आणि मग छातीच्या दुखण्याने ते गेले. याला दोन वर्षे झाली. मला त्यांचा राग येतो, आणि राग आला की रडू येते. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे.

५. मी आपल्या कार्यालयात केलेले प्रयत्न पुढीलप्रमाणे आहेत. प्रथम मी अहवाल दुरुस्तीचा अर्ज मागितला. त्यावर ज्याने नमुना दिला त्याचीच सही लागते आणि सोबत त्याचा हयातीचा दाखला. मी मृत्यूचा दाखला जोडला. ‘मृत्यूचा दाखला हयातीच्या दाखल्याऐवजी ग्राह्य धरता येत नाही’ असा शेरा मारून तो परत आला. मग जानेवारीत मी स्वतः शेतात आठ खड्डे घेऊन, रीतसर चार वाटे करून नमुना दिला. मशीनवर क्षाराचा आकडा एवढा चढला की लिपिकसाहेब उठून बाहेर आले आणि सर्वांसमोर म्हणाले, “बाई, स्वयंपाकघरातलं मीठ मिसळून आणलंत का?” रांगेतले लोक हसले. बारा वर्षे मी खोटी माती पाठवली आणि ती भिंतीवर लागली. एकदाच खरी आणली, तर मी चोर ठरले.

त्यानंतर आपले संदर्भ क्रमांक एकचे पत्र आले. नमुना पूर्वीच्या अहवालांशी विसंगत असल्याने फेटाळला असून ‘पूर्वी जेथून घेतला तेथूनच’ नवा नमुना घेऊन सादर करावा, असे त्यात म्हटले आहे. साहेब, या हुकमाचे पालन केले तर मला पुन्हा कोपऱ्यातच फावडे घालावे लागेल, आणि आपल्याला तेरावा उत्तम अहवाल मिळेल.

६. फेरसुनावणी अठरा तारखेला आहे आणि तेच बारा कागद पुन्हा पुढे येणार आहेत. या खेपेस तक्रार फेटाळली गेली तर दीर-जाऊ शेत वीटभट्टीवाल्याला देणार आहेत. धाकटे दीर आत्ताच गोदामात खोकी बांधायच्या कामाला लागले आहेत. भट्टीवाला वरची चार फूट माती कापून नेतो. आजारी माती पाणी सुधारले तर आणि विसावा मिळाला तर कधीतरी उठेल, असे आपल्याच माहितीपत्रकात छापले आहे. कापून नेलेली उठणार नाही.

तरी माझे मागणे एवढेच आहे. अठरा तारखेपूर्वी आपण स्वतः सकाळच्या वेळी, थर सुकलेला असताना, आमच्या शेतात यावे आणि आपल्या हाताने आठ खड्डे घ्यावेत. आधी कोपराही पाहावा, म्हणजे दोन मातींतला फरक मशीनशिवाय कळेल. बारा अहवाल रद्द करून तसे लेखी सुनावणीस कळवावे. भिंतीवरची चौकट काढताना जमल्यास मला बोलवावे, मी ती घरी नेईन. यजमानांनी फसवणूक केली असे लिहावे लागेल, ते लिहावे. मात्र त्या माणसाला शेताची लाज वाटत होती, लोभ नव्हता, एवढे एक वाक्य नियमात बसत असल्यास सोबत घालावे. शिक्षेची तरतूद असेल तर ती मला व्हावी. हयातीचा दाखला माझा मिळू शकतो.

कळवण्यास उशीर केलेली,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार, थोरली सून, ओढ्याकाठचे शेत
दि. ९ मार्च

सोबत:
१) बारा अहवाल, मूळ प्रती.
२) यजमानांच्या मृत्यूचा दाखला (परत आलेला).
३) मातीच्या दोन पिशव्या. पांढऱ्या कापडाची कोपऱ्यातली. निळ्या रेघांची शेतातली. निळी पिशवी यजमानांच्या सदऱ्याच्या बाहीची आहे, काम झाल्यावर परत मिळावी.

प्रत माहितीसाठी:
१) मा. अध्यक्ष, फेरसुनावणी.
२) माझी धाकटी जाऊ, बांधापलीकडचे घर. अगं, हे तुला तोंडाने सांगायला मी दोन वर्षांत कितीदा बांधापर्यंत आले आणि पाणी बघायला आल्यासारखं करून परत फिरले. तुझ्या हाताला यश होतं. उद्यापासून पहाटे खणू नकोस. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पण अठरा तारखेच्या आधी शेत कोणाला देऊ नकोस.