व्हॅनचं सरकतं दार

रविवार, हेंद्रेपाडा

विकली एकदाची व्हॅन. इलाजच नव्हता, बाबांना आता घरचा रस्तासुद्धा आठवत नाही. तिच्यात मागे झोपायला फळ्यांचा पलंग त्यांनीच ठोकलेला, पडदे आईने शिवलेले.

उल्हासनगरचे शेठ गाडी न्यायला आले, तर ते मेलं दार लागेचना. त्यांच्याकडून नाही, माझ्याकडूनही नाही. तेवढ्यात बाबा पुढे झाले, दार खालून जरासं उचललं आणि सर्रकन लावलं. म्हणजे हातांना सगळं आठवतंय?

शेठ म्हणाले, "अंकल, बैठो, एक चक्कर मारते हैं." कुळगावपर्यंत फिरवून आणलं.

बाबा उतरले. दार पुन्हा तसंच उचलून लावलं आणि हळूच माझ्या कानात म्हणाले, "गाडी चांगली आहे गं. जास्त घासाघीस नको करू, घेऊन टाकू."