खोलीतली धाप

४ मार्च

आलो बाई एकदाचे नव्या घरात! तिसरा मजला, दोन खोल्या, आणि मागे एक एवढीशी खोली, जिच्यात मी आणि माझं शिलाई मशीन अशा दोघीच मावतो. खिडकीतून समोरच्या लॉन्ड्रीच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. कपाट सरकवताना हे घामाघूम झाले, आणि शेवटी ते जिथे अडलं तीच त्याची जागा असं ठरलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, मनात कोंडून ठेवू नका, लिहून काढा. तर लिहिते. आमची बबडी गेली त्याला दोन वर्षं होत आली. सात वर्षांची होती. दमा होता तिला. जुन्या घरात प्रत्येक कोपऱ्यातून तीच समोर यायची, म्हणून ते घर सोडलं. तेव्हापासून माझं ब्लडप्रेशर जे चढून बसलंय, ते उतरायचं नाव घेत नाही.

७ मार्च

गोळी चालूच ठेवायची, जोडीला हा व्यायाम. पाठ टेकून बसायचं, खांदे सैल सोडायचे, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याहून सावकाश सोडायचा. मध्ये कोंडून धरायचा नाही. दुपारी शिलाई आटोपली की मी मागच्या खोलीत बसते.

ह्यांचं टायरचं दुकान. जन्मभर दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरणारा माणूस आता बायकोची हवा मोजतो. दंडाला पट्टा गुंडाळून आकडा बघितला आणि म्हणाले, ट्रकमध्ये एवढं प्रेशर असतं तर मी तो रस्त्यावर सोडला नसता. मी म्हटलं, तुमच्या संसाराचा ट्रक मीच ओढतेय, चढणारच. हसलो दोघं. किती दिवसांनी!

१५ मार्च

डोळे मिटून बसले होते. खोलीत आणखी कोणीतरी श्वास घेत होतं. आधी वाटलं, माझाच. पण माझा संथ, आणि हा भराभर, उथळ, शेवटी बारीक शिट्टी वाजल्यासारखा. डोळे उघडले तर काही नाही.

ह्यांना सांगितलं. इमारतीचे पाइप जुने आहेत म्हणाले, आणि लगेच चहा मागितला.

२१ मार्च

पाइप कसले! बबडी आहे ती. आईला हे कोणी सांगावं लागत नाही.

मी श्वास सोडला की ती घेते. मी जितका सावकाश सोडते, तितकी तिची धाप बसत जाते. दवाखान्यात मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, हळू घे राणी, हळू. तिला जमलं नाही. आता जमतंय.

अंगावर काटा आला. नाही म्हणणार नाही, भीती वाटली. पण त्याहून जास्त रडू आलं. गिऱ्हाइकाचा पडदा मांडीवर होता, तो भिजला. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर थांबवतील.

२ एप्रिल

आकडा उतरला. डॉक्टरीणबाई खूश, गोळी अर्धी केली. हे येताना फुलं घेऊन आले. लग्नानंतर पहिल्यांदाच, म्हणून विचारलं, काय लफडं करून आलात?

आता सकाळीही बसते. ती वाट बघत असते.

११ एप्रिल

गोळी बंद झाली, तरी आकडा उतरतोच आहे. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या. रक्त तपासायला दिलंय. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. आज सुई बोटातून आरपार गेली. रक्तच येईना. बघत बसले. मग एक थेंब आला.

मांडीवर वजन जाणवतं. गार. उठवत नाही.

१४ एप्रिल

हे दुपारीच दुकान बंद करून आले. समोर बसले आणि म्हणाले, टायरचं प्रेशर सारखं उतरायला लागलं तर आम्ही खूश होत नाही, भोक शोधतो. काय चाललंय ते खरं सांग.

सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी नाही काढलं. माझा हात धरून ढसाढसा रडले. एक गेली, आता तू नको जाऊस, म्हणाले. मला शपथ घातली. मशीन बाहेर आणलं, खोलीला कडी घातली.

१६ एप्रिल

दाराआडून धाप. अगदी त्या दिवसासारखी. शिट्टी, मग काहीच नाही, मग पुन्हा—

कानांत कापूस घातला. तरी येते. गिऱ्हाइकाची पँट वीतभर जास्त कापली. शपथ घातलीय त्यांनी. काय करू मी, काय करू.

१९ एप्रिल

कालपासून शांत आहे. गेली असेल. सुटली असेल. रडले, पण जेवलेही पोटभर. माझा आकडा वर सरकतोय. प्रेशर वाढल्याचा आनंद झालेली जगातली मी पहिलीच बाई असेन.

हे जरा उतरलेले दिसतात. उन्हाने म्हणाले. हल्ली दुपारी घरी येऊन पडतात, आणि मलाच काहीबाही आणायला बाजारात पिटाळतात.

२४ एप्रिल

पैशांची पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. मागच्या खोलीची कडी निघालेली.

हे आत होते. भिंतीला पाठ, खांदे सैल, डोळे मिटलेले. मांडीपाशी हात हवेत फिरत होता, कोणाच्या तरी पाठीवरून फिरावा तसा. दंडाला पट्टा. आकडा बघितला. माझा कधी इतका खाली गेला नव्हता.

त्यांनाही ऐकू येत होतं. पहिल्यापासून. पाइप म्हणाले होते ते मी घाबरू नये म्हणून. मी थांबल्यावर तिची धाप त्यांनाही सोसेना. म्हणाले, जन्मभर परक्यांच्या चाकांत हवा भरली, स्वतःच्या पोरीला थोडी दिली तर काय बिघडलं?

भांडले. पाया पडले. हे नुसते हसतात.

२५ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या सकाळी ॲडमिट करा. हे हो म्हणाले. लगेच हो म्हणाले. मला तेच—

२६ एप्रिल, सकाळ

अंथरुणात नव्हते. आतच होते. हलवलं, हाका मारल्या, उठत नाहीत. ॲम्ब्युलन्स निघालीय. तोवर मनात कोंडायला नको म्हणून लिहितेय.

त्यांचा एक श्वास. मग कितीतरी वेळ नाही. मधे तिचे.

बबडे, बाबांना सोड गं. कुठल्या तोंडाने सांगू. मी, तुझी आई, तुला सांगतेय की घेऊ नकोस. तुला कुठे कळतं काही. देतात म्हणून घेतेस. पण सोड त्यांना. ऐक माझं—

सोडलं. माझ्या गुणी बाळीनं सोडलं. ते मोठ्यानं श्वास घेताहेत. ओठांना रंग येतोय.

जिन्यात पावलं वाजली. वाचतील हे. मी फक्त उठायचं, ह्यांच्याबरोबर जायचं, दार ओढून घ्यायचं.

कोपऱ्यातून धाप. शिट्टी. तिला— तिला येत नाहीये—

ह्यांना शुद्ध नाही. त्यांना ऐकू येत नाही. मला येतंय.

रडू नको. मी आहे ना. इकडे ये. हळू घे, राणी, हळू, आई श्वास सोड—